तात्या विंचूचा आवाज, आबांचा आवाज

(नेकनूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते धडा वाचताना प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा काढून वाचत, असं मला इथं आल्यावर कळलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय आवाजाचाच घ्यावा, असं मनानं घेतलं आणि समोर आले दिलीप प्रभावळकर. विनोदी नट म्हणून महाराष्ट्र त्यांना पन्नास वर्षं ओळखतो. पण त्यांच्या आवाजाबद्दल वेगळं, सावकाश बोललं गेलेलं मला फारसं आढळलं नाही. आज तेवढंच करणार आहे.

नेकनूरला आवाजाचं मोल बाहेरच्या माणसानं येऊन सांगावं, अशी परिस्थिती नाही. बंकटस्वामींच्या मठाचं हे गाव. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या कीर्तन ऐकत आली आहेत. कीर्तनकार कथेला लागला की एका क्षणाला यशोदा होतो, पुढच्या क्षणाला खोडी काढून पळालेला कृष्ण होतो, मग तक्रार घेऊन आलेली गौळण होतो. अंगावरचा फेटा तोच, उपरणं तेच. बदलतो तो आवाज, आणि श्रोत्याला तेवढं पुरतं. एकनाथांची भारुडंही अशीच उभी राहिली आणि पैठण इथून काही फार लांब नाही. तेव्हा मी सांगतो आहे ती कला तुमच्या ओळखीचीच आहे. ती सिनेमात, नाटकात, दूरदर्शनवर गेल्यावर एका माणसानं तिचं काय केलं, ते आपण पाहू.

सुरुवात मुलांच्या सोयीनं करतो. तात्या विंचू कोणाकोणाला माहीत आहे? बघा, सगळेच हात वर. पाठीमागं बसलेल्या बापलोकांचेही.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. तात्या विंचू हा गुंड पोलिसाच्या गोळीनं मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या लक्ष्याच्या घरी येऊन पडतो. लक्ष्या म्हणजे अर्थात लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पनेचं मूळ १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटात आहे. बाहुला घडवला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी. पाध्यांच्या घरात ही कला वडिलांपासून, म्हणजे अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे जनक य. के. पाध्ये यांच्यापासून चालत आलेली. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसणारा ससा तुम्हाला आठवत असेल, तोही रामदास पाध्यांचाच.

आता या चित्रपटाची एक अडचण नीट लक्षात घ्या. सुरुवातीला तात्या विंचू हाडामांसाचा माणूस आहे आणि ती भूमिका प्रभावळकरांनी स्वतः केली आहे. थोड्या वेळानं तो माणूस पडद्यावरून जातो तो जातोच. पुढं जवळजवळ सगळा चित्रपट आपल्यासमोर एक बाहुला आहे. त्याचा चेहरा रंगवलेला, हात कडक, चाल अडखळती. हाच तो मघाचा गुंड, असं प्रेक्षकाला कशावरून वाटावं? चेहरा जुळत नाही, उंची जुळत नाही, चालणं जुळत नाही. माणसातून बाहुल्यात जाताना एकच गोष्ट सोबत जाते, ती म्हणजे आवाज. चित्रपटाचा सगळा खरेपणा त्या एका आवाजावर तोललेला आहे. तो जरा ढळला असता तर पोरांनी थेटरातच 'हा तर नुसता बाहुला' म्हणून हसून घेतलं असतं. तसं झालं नाही. पोरं घाबरली, घरी येऊन उशाखाली डोकं घालून झोपली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच आवाजाची नक्कल करायला लागली. अमेरिकेत त्या बाहुल्याला ब्रॅड डुरिफ या नटानं आवाज दिला. तोही आधी माणूस म्हणून दिसतो, मग नुसता आवाज उरतो. त्यानं पुढं कित्येक वर्षं तो आवाज सांभाळला. आपल्याकडे 'झपाटलेला २' २०१३ साली आला, तेव्हाही तात्या विंचूचा आवाज प्रभावळकरांचाच होता.

प्रभावळकरांच्या तात्या विंचूचा आवाज नीट ऐका. तो मोठा नाही. गुंडाचा आवाज म्हटला की आपले नट छाती फुगवून खर्जात बोलतात. इथं आवाज घशात घासून येतो. त्यात चिडकेपणा आहे आणि थोडी किरकिरही आहे. एवढासा देह वाट्याला आल्याची चीड त्या आवाजात आहे. त्यामुळं भीती आणि हसू एकाच वाक्यात येतात. आरडाओरडा केला असता तर नुसती भीती उरली असती, आवाज पातळ करून गंमत केली असती तर नुसतं हसू. दोन्हीच्या मधली ती चिंचोळी वाट त्यांनी घशानं शोधली.

बोलक्या बाहुल्यांच्या खेळातली एक कारागिरी इथं सांगायला हवी, कारण मुलांना ती घरी करून बघता येईल. शब्दभ्रमकार ओठ न हलवता बोलतो. बाकीची अक्षरं जमतात, पण प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. 'बाबा', 'मामा', 'पापड' हे शब्द ओठ अलग ठेवून म्हणून बघा. म्हणून शब्दभ्रमकार जीभ दातांमागं लावून त्या अक्षरांच्या जवळचा दुसरा आवाज काढतो आणि आपला कान वाक्याच्या ओघात तो दुरुस्त करून घेतो. ही झाली मंचावरची गोष्ट. चित्रपटात अडचण उलटी असते. आवाज देणारा नट पडद्याबाहेर, त्याचे ओठ मोकळे. पण बाहुल्याला ओठच नाहीत, नुसता खाली-वर होणारा जबडा आहे. तो उघडतो तेव्हा स्वर, मिटतो तेव्हा व्यंजन. हलवणाऱ्याच्या बोटांनी आणि बोलणाऱ्याच्या श्वासानं एकमेकांचा ताल धरला तरच बाहुला बोलल्यासारखा वाटतो. एकाच पात्रात दोन कलावंत नांदतात आणि दोघंही प्रेक्षकाला दिसत नाहीत.

हा आवाज कुठून आला? प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. मुंबईचा माणूस, शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषध कंपनीतली. नाटक त्या नोकरीच्या कडेकडेनं सुरू झालं. त्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं एक मला फार मोलाचं वाटतं, ते म्हणजे रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण. बालनाट्याचा प्रेक्षक फार कडक असतो. मोठी माणसं तिकिटाच्या पैशांखातर बसून राहतात. मूल कंटाळलं की उठून पळतं, नाही तर शेजारच्याला चिमटे काढतं. चेटकीण अशी हवी की मूल घाबरेल पण आईच्या कुशीत तोंड लपवून बोटांच्या फटीतून बघत राहील. किती घाबरवायचं आणि कुठं थांबून हसवायचं, हे गणित त्या वयात त्या प्रेक्षकानं त्यांना शिकवलं असणार. वीसेक वर्षांनंतरच्या तात्या विंचूचा घसा मला त्या चेटकिणीच्या घशाचा सख्खा भाऊ वाटतो.

आणि त्याच मतकरींच्या 'आरण्यक' नाटकात हेच प्रभावळकर विदुर झाले. महाभारताचं युद्ध संपल्यावर वनात गेलेल्या म्हाताऱ्यांचं ते नाटक. धृतराष्ट्र रवी पटवर्धनांचा. त्यांचा तो घुमणारा, भारदस्त आवाज आणि समोर प्रभावळकरांचा शांत, मोजका विदुर. मतकरी २०२० साली गेले. त्याआधी 'आरण्यक' पुन्हा मंचावर आलं, तेव्हा या दोघांनी त्याच भूमिका पुन्हा केल्या. तरुणपणी मेकअपनं म्हातारे झालेले नट आता खरोखरीच त्या वयाला पोचले होते. ज्या नटाला आपण विनोदी म्हणून एका खणात ठेवतो, त्याची सुरुवातच चेटकीण आणि विदुर अशा दोन टोकांना आहे.

महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोचले ते चिमणरावांमुळं. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हणजे पापभीरू, भित्रा, संसाराच्या चक्रात गरगरणारा पुण्याचा मध्यमवर्गीय. पडद्यावर त्याला आधी दामुअण्णा मालवणकरांनी उभं केलं होतं, १९४० च्या 'लग्न पहावे करून' मध्ये, सोबत विष्णुपंत जोगांचा गुंड्याभाऊ. म्हणजे वाट आधीच मळलेली, आणि मळलेल्या वाटेवर नव्या नटाची पंचाईत जास्त. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आले. बाळ कर्वे २०२५ साली गेले. या दोघांची बोलणी म्हणजे जुगलबंदी होती. गुंड्याभाऊचं वाक्य धप्पकन येऊन पडायचं. चिमणरावाचं वाक्य आधी चाचपडायचं, मग अर्ध्यात थांबून आजूबाजूला बघायचं आणि शेवटी कसंबसं संपायचं. भित्र्या माणसाच्या वाक्याचा शेवट नेहमी हळू असतो, हे प्रभावळकरांनी हेरलं होतं. आपण म्हणतोय ते चुकलं तर परत घेता यावं, म्हणून असा माणूस वाक्य पूर्ण टाकतच नाही.

आपल्या भागात त्या काळी दूरदर्शन संच असलेली घरं किती होती, ते जुन्या मंडळींना माहीत आहे. आपल्याला आवाज कळला तो रेडिओवर. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका ऐकत ज्यांनी भाकरी खाल्ली, त्यांनी त्या तिघांचे चेहरे कधी पाहिले नव्हते, तरी त्यांचं घर, त्यांचा दिवाणखाना, त्यांच्या कपांचा आवाज सगळ्यांना पाठ होता. फार्सचा बादशहा बबन प्रभूसुद्धा आकाशवाणीतला माणूस. विनोदाची वेळ सेकंदाच्या कितव्या भागात साधायची, हे रेडिओ फार कठोरपणे शिकवतो. तिथं भुवई उंचावून सुटता येत नाही.

आता माझ्या मते जो गाभा आहे तिकडे येतो. प्रभावळकरांनी म्हातारे किती केले आणि कसे केले.

'हसवाफसवी' हे त्यांनी स्वतः लिहिलेलं नाटक. त्यात एकट्यानं सहा भूमिका. चेहरा, कपडे, चाल सगळं बदलतं, लोक त्या झटपट बदलाचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण त्यातले कृष्णराव हेरंबकर हे संगीत रंगभूमीचे वृद्ध गायकनट ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नवशिका नट म्हातारा करायला घेतो तेव्हा आवाज थरथरवतो. प्रत्येक शब्दाला कंप. खऱ्या म्हाताऱ्याचा आवाज सगळा वेळ थरथरत नाही. त्याचा दम वाक्याआधी संपतो. तो वाक्य जोमात सुरू करतो, जुन्या सवयीनं, आणि मध्येच श्वास पुरत नाही असं लक्षात आल्यावर उरलेले शब्द भरभर उरकतो. हेरंबकरांच्या बोलण्यात गायकाचा जुना ऐटबाज सूर आणि आताचा अपुरा श्वास यांची झटापट चाललेली असते. हसू येतं आणि हसता हसता गळा दाटतो.

मग 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. ही मालिका प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून झाली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं, २००१ पासून काही वर्षं ती चालली. त्यातले आबा हेही म्हातारे. पण आबांच्या आवाजात दम अपुरा नाही. ते घरातल्या तीन पिढ्यांच्या मधोमध आरामखुर्चीत बसलेले आहेत, त्यांना कुठं पोचायचं नाही. नातवंडांशी बोलताना आवाज जरा वर जातो, मुलाशी बोलताना खाली येतो, सुनेशी बोलताना त्यात हलकी अदब येते. आपल्या घरातले आजोबा असेच बोलतात की नाही, ते घरी जाऊन ऐका. मालिका संपून वीस वर्षं झाली, पण आबा म्हटलं की आजही मराठी माणसाला आधी तो आवाज ऐकू येतो.

तिसरा म्हातारा 'नारबाची वाडी'तला, २०१३ चा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, मूळ नाटक बंगालीतले मनोज मित्र यांचं. कोकणातली नारळी-पोफळीची वाडी, तिच्यावर जीव टाकणारा नारोबा आणि ती वाडी बळकावायला टपलेला जमीनदार. करार असा ठरतो की जमीनदारानं नारोबाला दर महिन्याला पैसे द्यायचे आणि तो मेला की वाडी जमीनदाराची. गंमत अशी की पैसे सुरू झाल्यावर म्हातारा खंगण्याऐवजी तरतरीत होत जातो. ही भूमिका वठवायची तर सुरुवातीचा आवाज आणि नंतरचा आवाज यांत फरक हवा, पण एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात तो फरक जाणवता कामा नये. पोटाला दोन घास नियमित मिळाले की माणसाचा आवाज कसा सुधारतो, हे आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

चौथे गांधीजी. राजकुमार हिराणींचा 'लगे रहो मुन्नाभाई' २००६ चा. गांधीजींच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. त्यांची हुबेहूब नक्कल करणं प्रभावळकरांसारख्या नटाला अवघड नव्हतं. पडद्यावर ऐकू येतात ते मात्र नकलेतले गांधीजी नाहीत. एका टपोरी माणसाच्या डोक्यात उगवलेले, त्याच्याशी मित्रासारखं बोलणारे, त्याच्यावर आवाज न चढवणारे बापू आहेत. नट नकलेत गुंतला असता तर प्रेक्षक नक्कल किती जमली याचा हिशेब करत बसला असता. या कामासाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि पाचवा म्हातारा १२ सप्टेंबर २०२५ ला आला, सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार'मधला बाबुली मेस्त्री. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी हा नट एका दशावतारी कलावंताची भूमिका करतो, म्हणजे रात्रभर सोंगं बदलत जगणाऱ्या माणसाचं सोंग घेतो. या पाच म्हाताऱ्यांची वाक्यं डोळे मिटून ऐकली तर कोणतं वाक्य कोणाचं ते लहान मूलही सांगेल. एका घशातले पाच वेगळे म्हातारे आहेत ते.

हे कसं होतं? माझं म्हणणं असं आहे की प्रभावळकर आवाज 'काढत' नाहीत, ते आधी ऐकतात. नकलाकार माणसाच्या बोलण्यातली सगळ्यात विचित्र लकब उचलतो आणि तिच्यावर बोट ठेवून लोकांना हसवतो. प्रभावळकरांसारखा नट त्या लकबीच्या मागं काय आहे ते शोधतो. हा माणूस वाक्य अर्ध्यात का सोडतो? याचा श्वास कुठं अडतो? हा कोणाला घाबरतो? त्याचं उत्तर सापडलं की आवाज आपोआप सापडतो, आणि मग आपण हसतो तेव्हा त्या माणसाला हसत नाही. त्याच्या बरोबरीनं हसतो.

याचा सगळ्यात अवघड कस कुठं लागला ते सांगतो. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात प्रभावळकर एका मतिमंद मुलाचे वडील होते. तो मुलगा अतुल परचुऱ्यांनी केला होता. हा उमदा विनोदी नट २०२४ साली आपल्यातून गेला. त्या नाटकानंतर १९९१ च्या 'चौकट राजा'त प्रभावळकर स्वतः तसा मुलगा झाले. नंदू. आई सुलभा देशपांडे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या नटानं लहान मुलाच्या बुद्धीचा मोठा माणूस करायचा आणि त्याचा आवाज काढायचा. आपल्या गावागावांत अशा मुलांच्या बोलण्याची नक्कल करून पोरं हसतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळं नंदूनं तोंड उघडलं की थेटरात हसू फुटण्याची भीती होती. प्रभावळकरांनी नंदूच्या आवाजात आनंद आधी भरला. त्याला काही तरी सांगायचं असतं, ते आनंदाचं असतं आणि शब्द त्या आनंदाच्या वेगाला पुरत नाहीत. जीभ जड आहे म्हणून तो अडखळतो, असं वाटतच नाही. त्याला फार बोलायचं आहे म्हणून तो अडखळतो, असं वाटतं. असं मूल ज्या घरात आहे त्या घरातल्या आईला हा फरक लगेच कळतो. विनोदी नटानंच हे काम करायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं, कारण कुठं हसू फुटेल हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच ते थोपवता येतं.

आता आपल्या मातीकडे वळू. मराठी सिनेमात वर्षानुवर्षं 'गावाकडची भाषा' म्हणून एक ठरावीक बोली चालली. कोल्हापूर-साताऱ्याकडचा ढंग, थोडा तमाशाचा बाज. बीड, परभणी, नांदेडचा माणूस कसा बोलतो, त्याचा हेल कुठं लांबतो, 'काय करायलाव' म्हणताना तो सूर कुठं सोडतो, हे पडद्याला माहीत नव्हतं. ते जगाला ऐकवलं लक्ष्मण देशपांड्यांनी. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन उभा राहिला. गावाकडचा मुलगा, लंडनची मुलगी आणि लग्नाला इथून निघालेलं वऱ्हाड. मंचावर माणूस एकच. तीन तासांत पन्नासहून जास्त पात्रं, बाया, बापे, पोरं, म्हातारे. नेपथ्य नाही, वेशभूषा बदलायची सोय नाही. सगळं वऱ्हाड एका गळ्यात मावलेलं. देशपांडे २००९ साली गेले. आज तेच 'वऱ्हाड' मंचावर नेतो आहे संदीप पाठक, आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावचा. एका आवाजातून दुसऱ्या आवाजात इतकी माणसं सुखरूप पोचली, ही मोठीच गोष्ट आहे.

आणि मकरंद अनासपुरे. 'गाढवाचं लग्न', 'दे धक्का', 'निशाणी डावा अंगठा' हे त्यांचे चित्रपट इथल्या प्रत्येक घरात पाहिले गेले आहेत. मराठवाडी बोलीचा नायक चित्रपटाच्या मध्यभागी उभा राहू शकतो, नुसता नोकर किंवा भोळा पाहुणा म्हणून येत नाही, हे त्यांनी दाखवलं. 'झपाटलेला २' मध्ये हेच अनासपुरे आहेत. म्हणजे त्या एका चित्रपटात तात्या विंचूचा प्रभावळकरी घसा आणि मराठवाड्याचा हेल एकमेकांसमोर आले. पुढं २०१५ साली नाना पाटेकर आणि अनासपुरे यांनी 'नाम फाउंडेशन' सुरू केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत ते गेले, त्यात आपला बीड जिल्हा होता. ज्या बोलीनं लोकांना हसवलं त्याच बोलीत त्या घरांतल्या बायांशी बोलणं झालं. परक्या, पुस्तकी मराठीत झालेलं सांत्वन आणि आपल्या बोलीतलं सांत्वन यात किती अंतर असतं, ते तुम्ही जाणता.

इथं जरा आवाजाच्या धंद्याबद्दलही बोलतो, कारण समोर बसलेल्यांपैकी एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या त्यात जाईल. आज हिंदी, दक्षिणेतले आणि परदेशी चित्रपट, कार्टून मराठीत येतात. ते मराठीत बोलतं कोण? एका बंद, आवाज न घुमणाऱ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, समोरच्या पडद्यावर तेच अर्ध्या मिनिटाचं दृश्य पुन्हा पुन्हा बघत कोणी तरी उभा असतो. पडद्यावरचा माणूस धावतो आहे, तर याला जागेवर उभं राहून धावल्याचा श्वास आणायचा असतो, आणि तो माईकवर फसफसू द्यायचा नसतो. पात्र जेवताना बोलतं, तर तोंडात घास असल्यासारखं बोलायचं. मूळ भाषेतलं वाक्य छोटं आणि मराठी वाक्य लांब असेल तर अर्थ न सांडता ते आखडायचं, आणि पडद्यावरचे ओठ मिटलेले दिसतात तिथं मराठीतही प, ब, म यांपैकी एखादं अक्षर यावं अशी रचना शोधायची. हे सगळं करून पोस्टरवर त्याचं नाव नसतं. केरळ सरकारच्या चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलावंतांसाठी वेगळा पुरस्कार आहे. त्या राज्यानं या कामाला कला मानलं. मराठी सिनेमाच्या जाणकारांनीही या लोकांची नावं आदरानं घ्यावीत, त्यांच्या कामाची समीक्षा व्हावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

या आवाजाच्या धंद्यावर एक नवं संकटही आलं आहे. यंत्राला एखाद्याच्या आवाजाचे नमुने दिले की ते त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. २०२४ साली गायक अरिजित सिंग या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयानं अंतरिम आदेश देताना त्यांचा आवाज हा त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग मानून त्याला संरक्षण दिलं. नामवंताला वकील मिळतो. रोजावर आवाज देणाऱ्या कलावंतानं काय करायचं? करारावर सही करताना आपला आवाज फक्त या कामापुरता दिला आहे, असं एक वाक्य त्यानं लिहून घ्यावं. मुलांनो, या क्षेत्रात गेलात तर एवढं विसरू नका. यंत्र तात्या विंचूचा घसा उद्या हुबेहूब काढील. पण नंदूच्या आवाजात आनंद आधी घालायचा, हे ठरवायला माणूसच लागतो, असं मी मानतो.

संयोजकांकडे एक मागणी करतो आणि थांबतो. तुमच्या गावात वाचनालय आहे, शाळा आहेत, प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारं यंत्र आहे. मठातल्या जुन्या कीर्तनकारांचं बोलणं, भारूड म्हणणाऱ्या बायांचे आवाज, आठवडी बाजारात बैलाचे दात बघताना दलाल जे बोलतो ते, आणि मग उपरण्याखाली बोटं धरून सौदा होताना जी शांतता पसरते ती, जात्यावरच्या ओव्या ज्यांना अजून येतात त्या आज्या, हे सगळं नावगाव, तारीख घालून, त्यांची परवानगी घेऊन टिपून ठेवा. दर महिन्याला दोन-तीन आवाज झाले तरी पुष्कळ. आठवी-नववीच्या मुलांकडे हे काम सोपवा. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत बाहेरचा वक्ता बोलावण्याआधी तासभर ते आवाज इथंच सगळ्यांना ऐकवा. पहिलं ध्वनिमुद्रण कोणाचं करायचं, ते आत्ता प्रश्नोत्तरांच्या वेळी ठरवलंत तर मला परतीच्या गाडीला निघण्याआधी ते ऐकायला आवडेल.